दारातला कांदा : एकदा लावा, वर्षानुवर्षे खुडा



वर्षावासात विहारातले ग्रंथवाचन संपले की बायका थोडा वेळ बसून बोलतात. त्या अर्ध्या तासात वस्तीच्या आरोग्याबद्दल जेवढे कळते तेवढे आम्हाला तपासणी शिबिरातही कळत नाही. अशाच एका संध्याकाळी कांद्याच्या भावाचा विषय निघाला. एक ताई म्हणाल्या, "भाव चढला की आमच्याकडं पहिला कांदाच बंद होतो. पोरं नुसत्या चटणीशी भाकर खातात." दुसऱ्या म्हणाल्या, "आन् पातीची जुडी घेतली तर ती एका वेळेत संपती. रोज कुठून आणायची?"

२०१९ च्या डिसेंबरात मुंबईत कांदा किलोला १०० रुपयांच्या वर गेला होता, ते कोणी विसरलेले नाही. कांदा पिकवण्यात आपले राज्य देशात पुढे, लासलगावची कांद्याची बाजारपेठ सगळ्या देशाला ठाऊक. तरीही कधी शेतकऱ्याचा वाहतुकीचा खर्च सुटत नाही, तर कधी आपल्याला पाव किलो घेताना विचार करावा लागतो. हा भाव आपल्या हातात नाही. पण दारात, खिडकीत नाहीतर पत्र्यावर एक डबा ठेवणे आपल्या हातात आहे. त्या डब्यात काय लावायचे, कसे जगवायचे आणि त्याने शरीराला नेमके काय मिळते, ते या वेळी सांगत आहोत.

आधीच एक गोष्ट स्पष्ट करतो. घराला महिन्याला लागणारे चार-पाच किलो कांदे डब्यातून निघणार नाहीत. डब्यातून निघेल ती हिरवी पात, आठवड्यातून दोन-तीन वेळा मूठभर. आरोग्याच्या दृष्टीने ही मूठ मोलाची आहे.

गवती चहासारखा कांदा

आपण रोज खातो तो कांदा दोन हंगामांचे झाड आहे. पहिल्या हंगामात तो गड्डा धरतो. तोच गड्डा पुन्हा लावला की डेंगळा येतो, गोंडा फुलतो, बी धरते आणि झाडाचे काम संपते. म्हणून घरातला कोंब आलेला कांदा मातीत खोचला तर दोन-तीन वेळा पात मिळते, मग गड्डा पोचट होऊन जातो. बाजारातल्या पातीच्या जुडीचे मुळांसकट बुडखे लावले तरी तसेच. सुरुवातीला हात बसावा म्हणून हे जरूर करा, फुकटातले आहे. पण ते कायमचे नाही.

बारमाही कांद्याचे तसे नसते. तो गवती चहासारखा आहे. गवती चहाचा एक ठोंब आणून लावला की तो फुटत जातो, कापला की पुन्हा वाढतो आणि वर्षभरात शेजारच्या चार घरांना देण्याइतका होतो. बारमाही कांदाही बाजूला फुटवे काढतो. आपण पात कापायची, मूळ जागेवर ठेवायचे. असे तीन प्रकार वस्तीतल्या घरात चालण्यासारखे आहेत.

पहिला : पातीचा बारमाही कांदा. याला मोठा गड्डा धरतच नाही. खाली पांढरा जाडसर दांडा आणि वर गोल, पोकळ पात. बियाण्याच्या दुकानात 'बंचिंग ओनियन' म्हणून पाकीट मिळते. नुसते 'कांदा बी' मागितले तर दुकानदार गड्ड्याच्या कांद्याचे देईल, म्हणून नाव सांगून मागा. कांद्याचे बी फार टिकत नाही. वर्षभरातच त्याची उगवण खूप कमी होते. पाकिटावरची तारीख पाहून ताजेच घ्या.

दुसरा : सांबार कांदा. तमिळ घरांत सांबाराला वापरतात तो छोटा, लालसर कांदा. मुंबईत धारावी-माटुंग्याकडे तो सहज मिळतो, इतर शहरांतही मोठ्या मंडईत दिसतो. एक कांदा लावला की त्याच्याभोवती चार, सहा, कधी त्याहून जास्त कांद्यांचा घोस होतो. बी पेरायची गरज नाही. खायला आणलेल्या पाव किलोतून दहा-बारा घट्ट, निरोगी कांदे निवडून लावले की झाले. हा खरे तर तीन महिन्यांत काढायचा असतो. पण दर वेळी चौथा हिस्सा लावणीला ठेवला तर पुन्हा विकत आणावा लागत नाही.

तिसरा : लसणी पात. रोपवाटिकेत 'गार्लिक चाइव्ह्ज' म्हणून मिळते. पाने चपटी, गवतासारखी, चुरगळली की लसणाचा वास. फुले पांढरी, चांदण्यांसारखी. मणिपूरमध्ये ही पात घरोघरच्या परसात असते, तिथे तिला मरोई नाकुप्पी म्हणतात आणि रोजच्या भाजीत, कालवणात टाकतात. तिघांत सगळ्यात चिवट हीच. ऊन थोडे कमी असले, पाणी एखादा दिवस चुकले तरी तग धरते. ज्यांच्या घराला तीन-चार तासच ऊन मिळते त्यांनी हिच्यापासूनच सुरुवात करावी.

एक धोक्याची सूचना इथेच देतो. पावसाळ्यात गुलाबी-पांढरी फुले येणाऱ्या लिलीची पाने आणि गड्डे कांद्यासारखेच दिसतात. रानातला कोळकांदा, ज्याला रानकांदाही म्हणतात, तोही तसाच. हे विषारी आहेत. पान चुरगळून नाकाशी धरा. कांद्याचा किंवा लसणाचा स्वच्छ वास आला नाही तर ते तोंडात घालायचे नाही. खाण्याचे आणि शोभेचे झाड एका डब्यात कधीच लावू नका, घाईत पोरांचा हात चुकतो.

डबा, माती, पाणी

कांद्याची मुळे वरवर असतात. एक वीत खोल भांडे पुरते. तेलाचा पत्र्याचा डबा आडवा कापून, फुटकी बादली, गळके घमेले, धान्याचे पोते, काहीही चालेल. रंगाचे, ऑइलचे आणि कीटकनाशकाचे डबे मात्र चालणार नाहीत, कितीही धुतले तरी.

तळाला खिळा तापवून सहा-सात भोके पाडा आणि डबा दोन विटांवर ठेवा. आमची पहिली लावणी इथेच फसली होती. आम्ही दोनच भोके पाडून डबे सरळ कोब्यावर ठेवले. भोके मातीने बुजली, पाणी आत साठले आणि आठ दिवसांत सगळी रोपे बुडापासून सडली. कांदा तहानेने जितका मरत नाही तितका साचलेल्या पाण्याने मरतो.

माती भुसभुशीत हवी. दोन घमेली माती, एक घमेले पूर्ण कुजलेले शेणखत किंवा घरचे खत आणि एक घमेले वाळू नाहीतर नारळाच्या शेंड्यांचा चुरा. नुसती काळी माती भरली तर ती पाण्याने चिकट होते आणि वाळल्यावर दगड. माती कुठून आणता याकडे लक्ष द्या. नाल्याच्या कडेची, गॅरेजजवळची, भंगार जाळतात तिथली किंवा जुन्या बॅटऱ्या फोडतात तिथली माती आणू नका. त्यात शिसे असू शकते आणि शिसे लहान मुलांच्या मेंदूवर परिणाम करते.

खत विकत घेण्याची गरज नाही. विहाराच्या अंगणात पिंपळ असेल तर त्याची गळालेली पाने झाडून जाळू नका. भोके पाडलेल्या एका पिंपात पानांचा थर, त्यावर भाजीची देठे, सालपटे, धुतलेली चहाची पूड, वर मूठभर माती, असे थर द्या. ओलसर ठेवा, पंधरा दिवसांनी हलवा. तीन-चार महिन्यांत काळे, मातीच्या वासाचे खत तयार होते. ज्या बोधिवृक्षाला आपण वंदन करतो त्याची पाने धुरात घालवण्यापेक्षा आपल्या ताटात परत आलेली बरी.

पाण्याचे काय, हा वस्तीतला खरा प्रश्न. जिथे नळाला दिवसाआड पाणी येते तिथे झाडाला कुठून घालणार? उत्तर मोरीत आहे. तांदूळ, डाळ, भाजी धुतलेले पाणी एका बादलीत धरा. एका डब्याला रोज एखादा मोठा तांब्या पुरतो, थंडीत दिवसाआड. बोट मातीत खुपसून पाहा, पहिल्या पेरापर्यंत ओल असेल तर पाणी नको. साबणाचे, निरम्याचे आणि गटाराचे पाणी अजिबात घालायचे नाही. डब्याखाली ताटली ठेवली असेल तर त्यातले पाणी रोज ओता आणि आठवड्यातून एकदा ती घासून कोरडी करा. डेंग्यूचा डास अशाच स्वच्छ, साठलेल्या पाण्यात अंडी घालतो. कांद्यापायी घरात डेंग्यू आणायचा नाही.

आपल्या दिनदर्शिकेप्रमाणे

तारखा लक्षात राहाव्यात म्हणून आपल्याच दिवसांशी जोडून सांगतो.

अशोक विजयादशमी, १४ ऑक्टोबरच्या सुमारास : पाऊस सरलेला, ऊन सौम्य. लावणीचा हाच काळ. बी असेल तर एका पसरट भांड्यात अर्ध्या बोटाइतके खोल पेरा. आठ-बारा दिवसांत सुईसारखे कोंब येतात. सांबार कांदा टोक वर करून, मान मातीबरोबर येईल असा, चार-चार बोटांवर खोचा. लसणी पातीचा ठोंब सोडवून पाच-सहा काड्यांची जुडी करून लावा.

महापरिनिर्वाण दिन, ६ डिसेंबर : बियाची रोपे आता काडेपेटीतल्या काडीपेक्षा थोडी जाड झालेली असतात. ती मोठ्या डब्यात चार बोटांच्या अंतराने लावा. लसणी पातीची पहिली कापणी याच सुमारास मिळते.

सावित्रीमाईंची जयंती, ३ जानेवारी, ते रमाईची जयंती, ७ फेब्रुवारी : भरपूर पात मिळण्याचे दिवस. पात वीतभर झाली की कात्रीने कापा. उपटायची नाही. मातीपासून दोन बोटे ठेवून कापायचे, कारण नवी पात त्या बुडख्यातूनच येते. एका ठोंबाला दोन कापण्यांत तीन-चार आठवडे विश्रांती द्या. म्हणजे तीन-चार डबे असतील तर पाळीपाळीने दर आठवड्याला ताजी पात येईल. प्रत्येक कापणीनंतर एक मूठ खत. फुलाचा दांडा आला तर लगेच खुडून भाजीत टाका, नाहीतर झाडाची सगळी शक्ती तिकडे जाते. एक ठोंब मात्र बियासाठी राखावा. सांबार कांद्याची पात याच काळात एखाद-दुसरीच खुडा, सगळी कापली तर गड्डे भरत नाहीत. पात पिवळी पडून लोळली की कांदे काढा, सावलीत सुकवा आणि जाळीच्या पिशवीत टांगून ठेवा.

भीमजयंती, १४ एप्रिल, ते बुद्धपौर्णिमा : उन्हाळा. झाड वाढायचे थांबते, पात बारीक होते. मेले असे समजून फेकू नका. डबा दुपारच्या उन्हातून हलवा, मातीवर वाळलेल्या पानांचे आच्छादन घाला, कापणी कमी करा. पाणी संध्याकाळी द्या.

आषाढ पौर्णिमा, वर्षावासाची सुरुवात : डबे वळचणीखाली घ्या. पात ओली राहिली की तिच्यावर जांभळट-तपकिरी चट्टे पडतात, तो करपा. रोगट पात कापून घराबाहेर टाका, खताच्या पिंपात नको. डबे दूर-दूर ठेवून वारा लागू द्या. पातीवर चंदेरी ओरखडे दिसले तर ते फुलकिड्यांचे. लिटरभर पाण्यात चमचाभर अंगाचा साबण किसून विरघळवा, संध्याकाळी फवारा आणि दुसऱ्या दिवशी साध्या पाण्याने पात धुवा. रोज तोडून खायच्या पातीवर बाजारातले कीटकनाशक मारायचे नाही.

ठोंब दाटला की, साधारण वर्ष-दोन वर्षांनी, तो उपटून तीन-चार भागांत सोडवा. एक भाग आपला, बाकीचे शेजाऱ्यांचे.

पात शरीराला काय देते

२०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रियांच्या अंगात रक्त कमी आढळले. त्या स्त्रिया म्हणजे आपल्याच घरातल्या. जिना चढताना दम लागणारी, दुपारी भांडी घासताना डोळ्यांपुढे अंधारी येणारी, 'मला काय झालंय' म्हणत शेवटी जेवायला बसणारी.

पातीने रक्त वाढते का? नुसत्या पातीने नाही. तिच्यात लोह फारसे नसते. पण ताज्या हिरव्या पातीत क जीवनसत्त्व असते आणि धान्य-कडधान्यातले लोह शरीरात शोषले जाण्यासाठी त्याची मदत होते. बाजरीच्या भाकरीत, मटकीच्या उसळीत, कुळथाच्या पिठल्यात, हिरव्या पालेभाजीत लोह आहे, पण त्यातले थोडेच आपल्याला लागू पडते. त्याच घासाबरोबर कच्ची पात, वर लिंबू पिळून, खाल्ली तर जास्त लागू पडते. शिवाय पातीत फोलिक ॲसिड असते, तेही रक्तासाठी लागते. डोळ्यांसाठी लागणारे अ जीवनसत्त्व शरीर जिच्यापासून बनवते ती द्रव्येही हिरव्या भागात असतात. पांढऱ्या गड्ड्यात ती जवळजवळ नसतात. म्हणून पातीचा हिरवा भाग फेकून बुडखा तेवढा वापरायची सवय सोडा.

क जीवनसत्त्व उष्णतेने कमी होते. पातीची पीठ पेरून भाजी करा, झुणक्यात टाका, सुकटात टाका, अंड्याच्या पोळीत टाका, सगळे चांगलेच. पण थोडी पात चिरून शेवटी वरून कच्ची घालायला ठेवा. सुकट, बोंबील, अंडी, कलेजी मिळेल तेव्हा खाण्यात कसली लाज नको. मांस-मासळीतले लोह शरीराला सगळ्यात सहज मिळते.

आणखी तीन गोष्टी. जेवणानंतर लगेच चहा नको, एक तासाचे अंतर ठेवा, कारण चहा लोह अडवतो. गरोदर ताईंनी अंगणवाडीतून किंवा आरोग्य केंद्रातून मिळणाऱ्या लोहाच्या गोळ्या निदान १८० दिवस घ्यायच्याच. त्या चहाबरोबर किंवा कॅल्शियमच्या गोळीबरोबर घेऊ नका. शौच काळे होते त्याला घाबरू नका. मुलांना १० फेब्रुवारी आणि १० ऑगस्टच्या सुमारास शाळेत-अंगणवाडीत जंताची गोळी देतात, ती चुकवू नका. पोटात जंत असतील तर खाल्लेले अंगी लागत नाही.

जंतांवरून आठवले. कच्ची पात मातीजवळची असते. चिरण्याआधी सुटी करून दोन-तीन वेळा पिण्याच्या पाण्याने धुवा आणि मातीत काम केल्यावर हात साबणाने धुवा.

पात कोणी जपून खावी? ज्यांना कच्च्या कांद्याने जळजळ होते त्यांनी शिजवून खावी. हृदयाची झडप बदलल्यावर रक्त पातळ ठेवणारी जी गोळी देतात, जिच्यासाठी वरचेवर आय.एन.आर. ही रक्ततपासणी करायला सांगतात, ती चालू असेल तर हिरव्या पातीचे प्रमाण एकाएकी वाढवू नका. पातीतल्या के जीवनसत्त्वाने त्या गोळीचा परिणाम बदलतो. रोज थोडी आणि सारखी खावी, आणि डॉक्टरांना सांगावे. साखरेची किंवा बी.पी.ची गोळी कांदा खाल्ल्याने कधीही बंद करायची नाही.

कांदा अन्न आहे, मंत्र नाही

वस्तीत कांद्याकडून नको ती कामे करून घेतात. त्यातल्या दोन जीवघेण्या आहेत.

पहिली, फिट आली की नाकाशी कांदा धरणे. आम्ही वॉर्डात काम करत असताना एका मुलाला बेशुद्ध अवस्थेत आणले होते. झटके अर्ध्या तासापासून थांबले नव्हते आणि घरची माणसे तेवढा वेळ एकामागून एक कांदे फोडून त्याला हुंगवत होती. मूल वाचले. पण तो अर्धा तास आमच्या डोक्यातून गेला नाही. ती माणसे निष्काळजी नव्हती, त्यांना जे शिकवले गेले तेच ती करत होती. बहुतेक फिट दोन-तीन मिनिटांत आपोआप थांबते. त्या वेळी हातात कांदा असतो म्हणून श्रेय कांद्याला मिळते. चप्पल असेल तर चपलेला. खरे करायचे ते असे : माणसाला एका कुशीवर वळवा, गळ्याजवळचे कपडे सैल करा, जवळच्या टणक वस्तू हलवा, घड्याळ पाहा. हातपाय दाबून धरू नका, तोंडात चमचा, पाणी, काहीही घालू नका. पाच मिनिटांत झटके थांबले नाहीत, लागोपाठ आले, पहिल्यांदाच आले किंवा बाई गरोदर असेल तर लगेच १०८ ला फोन करा. आणि नंतर रोजची गोळी न चुकता.

दुसरी, उन्हात जाताना खिशात कांदा ठेवणे. खिशातला कांदा ऊन शोषून घेत नाही. बांधकामावर, कचरा वेचायला, रस्त्याच्या कामावर जाणाऱ्या आपल्या माणसांना पाणी, डोक्याला ओले फडके, दुपारची सावली आणि मीठ-साखरेचे पाणी वाचवते. अंग भट्टीसारखे तापले आणि माणूस बरळू लागला तर तो उष्माघात. सावलीत आणून अंगावर पाणी ओता, वारा घाला आणि दवाखाना गाठा.

कानात कांद्याचा रस घालणे, भाजलेल्या जागी कांदा चोळणे, हेही बंद करा. भाजल्यावर वीस मिनिटे वाहते थंड पाणी, बस्स.

बौद्धांनी कांदा खावा का?

हा प्रश्न आम्हाला विहारात अनेकदा विचारतात, विशेषतः इतर देशांतले भिक्खू कांदा-लसूण खात नाहीत असे कुठे पाहिले की. चीन, व्हिएतनामकडच्या महायान परंपरेत भिक्खू कांदा-लसूण वर्ज्य मानतात, हे खरे आहे. पाली विनयात लसणाबद्दल नियम आहे. धम्मदेशनेच्या वेळी लसूण खाल्लेला एक भिक्खू वासाचा इतरांना त्रास नको म्हणून लांब बसला, त्यावरून तो नियम झाला. पण तिथेच पुढे सारिपुत्तांच्या पोटात वायूचा त्रास झाला तेव्हा भगवंतांनी आजारात लसूण खायला परवानगी दिली. नियम माणसांसाठी, आणि आजारी माणसासाठी तो वाकतो, हे यातून शिकण्यासारखे आहे. पंचशील आणि बाबासाहेबांनी दिलेल्या २२ प्रतिज्ञा यांत कांद्या-लसणाला कुठेही बंदी नाही.

बंदी होती ती दुसरीकडे. मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायात द्विजांनी लसूण-कांदा खाऊ नये असे सांगितले आहे, आणि जाणूनबुजून खाणारा पतित होतो असेही. पाचव्या शतकाच्या सुरुवातीला भारतात आलेल्या फाहियान या चिनी भिक्खूने लिहून ठेवले आहे की इथे चांडाळांखेरीज कोणी कांदा-लसूण खात नाही. बाबासाहेबांनी 'द अनटचेबल्स' या १९४८ च्या ग्रंथात अस्पृश्यता केव्हा सुरू झाली याचा शोध घेताना फाहियानच्या प्रवासवर्णनाचाही विचार केला आहे. म्हणजे कांदाभाकर ही आपल्या गरिबीची खूण होती तशी ती आपल्याला हीन ठरवण्याचेही निमित्त होती. आजही आषाढात कांदेनवमी झाली की अनेक घरांत चार महिने कांदा बंद होतो आणि खाणाऱ्याकडे नाक मुरडले जाते. ज्यांना सोडायचा त्यांनी सोडावा. आपल्या मुलांना मात्र डब्यातल्या कांदाभाकरीची लाज वाटता कामा नये.

पौर्णिमेला एक ठोंब

आमच्याकडे आता एक रीत पडली आहे. ज्या घरचा ठोंब दाटला ते घर पौर्णिमेच्या वंदनेला येताना कागदात गुंडाळून चार जुड्या आणते. ज्यांच्याकडे नाही ते घेऊन जातात. पैसे नाहीत, नोंद नाही. एकच अट, वर्षभराने त्यांनीही दोन घरांना द्यायचे. पहिल्या वर्षी निम्म्या घरांतले डबे वाळले, हे सांगायला हवे. कोणी गावी गेले, कोणाची बकरी खाऊन गेली. त्यांना पुन्हा ठोंब मिळाले, कारण ज्यांचे जगले होते त्यांच्याकडे आता वाटण्याइतके होते.

भाव कसा का असेना, संध्याकाळी चुलीवर भाकरी असताना दारात जाऊन मूठभर पात कापून आणता येते. ती धुवून, चिरून, वर लिंबू पिळून ताटात वाढा. आणि घरातल्या बाईने ती सगळ्यांच्या शेवटी नव्हे, सगळ्यांबरोबर बसून खावी, एवढी आमची विनंती.

जयभीम! नमो बुद्धाय!